चपखल पॅलेट

"माझी वस्तू मोडली तर मी धंदा सोडेन," असं दणकटराव वर्षातून चार-पाच वेळा तरी जाहीर करत. धंदा सोडायची वेळ काही आली नव्हती. कारण त्यांची वस्तू मोडायला आधी ती हलवावी लागे, आणि तिथेच भल्याभल्यांचा धीर सुटे.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. वीस वर्षं ते आपल्या शेडमध्ये फाटकं, जाळ्या आणि जिने करत आले होते, आणि दोन अँगलांत भागेल तिथे पाच लावायचा त्यांचा परिपाठ होता. घरासाठी त्यांनी हौसेनं एक लोखंडी तिवई केली होती. बारा वर्षांपूर्वी ती स्वयंपाकघराच्या दारात टेकवली, ती अजून तिथेच आहे. घरातली माणसं तिला वळसा घालून जेवायला जातात.

अशा माणसाकडे एके दिवशी शेजारच्या कारखान्याचे स्टोअरसाहेब स्वतः चालत आले. कारखान्यात पोती रचायला लाकडी पॅलेटं होती. पॅलेट म्हणजे एक बैठी चौकट. तिच्या पोटात दोन काटे खुपसून फोर्कलिफ्ट सगळा माल एकदम उचलते. ही लाकडी पॅलेटं महिन्या-दोन महिन्यांत मान टाकत होती. साहेबांना लोखंडी हवी होती. आधी एक नमुना, तो पसंत पडला तर साठ नग.

साठ! दणकटरावांच्या शेडनं एकसारख्या सहा वस्तूही कधी पाहिल्या नव्हत्या. शिवाय प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. बायकोचा धाकटा भाऊ दाजींच्या शब्दावर बरी चाललेली नोकरी सोडून वेल्डिंगला येऊन बसला होता, आणि गेले चार महिने बहुतेक बसलाच होता. त्याच्या जुन्या मालकाचा निरोप आला होता की सोमवारपर्यंत परत येणार असलास तर जागा आहे. रात्रीची भांडी आवरता आवरता बायकोनं नवऱ्याला शांतपणे सांगितलं, की साठांचं काम मिळालं तर भाऊ राहील. नाहीतर सोमवारी जाईल, आणि मग ती काही बोलणार नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. बायको काही बोलणार नाही म्हणजे काय होतं, हे दणकटरावांना पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते माप घ्यायला कारखान्यात गेले. कारखान्यात फोर्कलिफ्ट एकच होती, आणि ती चालवणाऱ्या काकांची ती विश्रांतीची वेळ होती. काटे एका भरलेल्या पॅलेटमध्ये खुपसलेले. टोकं आत गडप, मुळं पोत्यांच्या फाटक्या कोपऱ्यांआड. बाजूच्या फटीतून काट्याचा मधला वीतभर भाग तेवढा दिसत होता. काकांना उठवून गाडी मागे घ्यायला सांगणं हा दोन मिनिटांचा मामला होता. पण काका डोळ्यांवर टोपी ओढून असे काही पहुडले होते, की त्यांना हाक मारणं दणकटरावांच्या जिवावर आलं. त्यांनी फटीत हात घातला, जेवढा काटा हाताला लागला तेवढा मोजला, आणि बाकीचाही तसाच असणार असं धरून चालले. काटा म्हणजे लोखंडाची सरळ पट्टी. ती मध्येच कशाला अंगानं भरेल?

पण ती भरते. फोर्कलिफ्टचा काटा टोकाशी पातळ असतो आणि मुळाकडे जाड होत जातो. हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नाही.

घरी येऊन दणकटरावांनी टेबलावर कागद पसरला आणि मेव्हण्याला मर्म समजावलं. लाकडी पॅलेट मोडतं कशानं? काट्यावर डुगडुगतं म्हणून. आपलं डुगडुगणार नाही. काटा शिरायच्या खोबणी इतक्या नेमक्या करायच्या, की काटा आत गेला की वर केसाचीसुद्धा जागा नको. मेव्हण्यानं भीत भीत विचारलं, थोडी ढील ठेवायची का दाजी? दणकटराव म्हणाले की ढील ठेवणं हे ज्याला माप घेता येत नाही त्याचं काम आहे.

पॅलेट चार दिवसांत तयार झालं. खाली चॅनल, वर जाड पत्रा, प्रत्येक कोपऱ्याला तिरके टेकू, आणि टेकूंना टेकू. शनिवारी सकाळी ते टेम्पोत चढवताना टेम्पोवाल्यानं आत आणखी काय भरलंय असं विचारलं.

कारखान्याच्या आवारात स्टोअरसाहेब खिशातून घडीची पट्टी काढून उभेच होते. हा माणूस कुठलीही वस्तू आधी मोजत असे आणि मग तिच्याकडे बघत असे. लांबी, रुंदी, उंची, सगळं कागदाप्रमाणे भरलं. साहेबांनी काकांना खूण केली. काकांनी काटे खोबणींसमोर आणले आणि गाडी हळूच पुढे घेतली. काटे झकास आत गेले. अर्ध्यापर्यंत लोण्यात सुरी जावी तसे गेले. मग गाडी थबकली.

"अडकतंय," काका म्हणाले.

"अडकत नाहीये, बसतंय," दणकटराव म्हणाले. "दाबा."

काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. काकांनी दाबलं. आतून एक लांबलचक कण्हणं आलं, आणि पॅलेट मुळापर्यंत जाऊन बसलं.

मग चाचणी झाली. वर एक टनाची पोती रचली, उचललं, फिरवलं, उतरवलं. पॅलेट वाकलं नाही, कुरकुरलं नाही, आणि डुगडुगायचा तर सवालच नव्हता. स्टोअरसाहेबांनी आपल्या वहीत तीनदा "उत्तम" लिहिलं. मेव्हण्यानं बहिणीला फोन लावून सांगितलं की सोमवारचं रद्द समज. दणकटराव हात मागे बांधून अशा ऐटीत उभे होते, की नवख्या माणसाला कारखाना त्यांचाच वाटला असता.

पोती उतरवली. साहेब म्हणाले, आता काटे काढा. काकांनी गाडी मागे घेतली. पॅलेटही मागे आलं. काकांनी आणखी मागे घेतली. आईचा पदर धरलेल्या पोरासारखं पॅलेट आवारभर फोर्कलिफ्टच्या मागोमाग फरफटत निघालं, आणि काकांनी वळण घेतलं तेव्हा तेही गुणी मुलासारखं वळलं.

पहिला अर्धा तास सगळ्यांना हसू येत होतं. मग दुपारी माल भरायला ट्रक येणार असल्याची कोणीतरी आठवण करून दिली.

खोबणीत तेल ओतलं. दोघांनी दोन बाजूंनी घण घातले. पॅलेटला पोचासुद्धा आला नाही, आणि इतक्या गडबडीतही दणकटरावांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं. मग पॅलेटला साखळी घालून ती कारखान्याच्या शेडच्या खांबाला बांधली आणि काकांना गाडी मागे ओढायला सांगितलं. काकांनी ओढली. खांब आला. निदान यायला लागला. छपरावरचे पत्रे खडखडले तेव्हा साहेबांनी धावत जाऊन साखळी सोडवली. नाहीतर त्या दिवशी फोर्कलिफ्टला पॅलेटबरोबर शेडही मिळाली असती.

मेव्हणा म्हणाला, काटेच गाडीवरून उतरवू. काकांनी त्याच्याकडे कीव करावी तसं पाहिलं. काटे निघतात, पण एकेक करून, गाडीच्या आडव्या पट्टीवरून मधल्या खाचेपाशी सरकवले तर. इथे दोघांना दाजींनी जन्माचं एकमेकांशी बांधून टाकलं होतं. एक सरकायचा तर दुसरा त्याला सोडेना.

राहता राहिला लोखंड कापायचा ग्राइंडर. मेव्हण्यानं तो सुरू केला मात्र, काका काट्यांसमोर आडवे उभे राहिले. एकोणीस वर्षं ही गाडी त्यांनी सांभाळली होती. काट्याला ओरखडा उठला तर आधी आपल्याला कापा, असं त्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत सांगितलं. आणि त्यांच्या पलीकडून स्टोअरसाहेबांनी हात वर केला. नियमाप्रमाणे निकाल लागेपर्यंत नमुन्याला कापायचं हत्यार लावता येत नव्हतं.

"मग निकाल लावा साहेब," दणकटराव हताश होऊन म्हणाले. "नापास करा. माझं चुकलं. मी कापून घेऊन जातो."

त्यांच्या तोंडून "माझं चुकलं" हे मेव्हण्यानं पहिल्यांदाच ऐकलं. त्याच्या हातातला ग्राइंडर आपोआप खाली आला. त्यानं खिशातून फोन काढला आणि जुन्या मालकाचा नंबर शोधायला लागला.

साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचलं. ट्रक आला होता. हमाल नाइलाजानं पोती हातानं त्याच पॅलेटवर चढवत होते, काका ती ट्रकपाशी नेत होते, आणि तिथे हमाल ती हातानं उतरवत होते. काम चाललं होतं. शिव्याही चालल्या होत्या.

"नापास करता येत नाही," शेवटी साहेब म्हणाले. "नापास नमुना त्याच दिवशी, आहे तसा, अखंड, पुरवठादाराला परत द्यावा लागतो. हा परत देता येतो का?"

"नाही," दणकटराव म्हणाले.

"मग तो नापास नाही. आणि जो नापास नाही..." साहेबांनी वहीत चौथ्यांदा "उत्तम" लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी साठ नगांचं पत्र हातात पडलं. मेव्हण्यानं जुन्या मालकाला फोन करून, येत नाही म्हणून सांगितलं; जरा तोऱ्यातच सांगितलं, त्यामुळे तिकडचं दार कायमचं लागलं. बायकोनं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी ती तिसऱ्या कलमावर थांबली.

"मंजूर नमुना न कापता अखंड जपून ठेवण्यात येईल आणि माल त्याबरहुकूम असावा," तिनं मोठ्यानं वाचलं. "कोणत्याही मापात तसूभरही फरक आढळल्यास सर्व नग परत केले जातील." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, म्हणजे साठही तशीच अडकणारी करायची?"

मेव्हणा म्हणाला, गुपचूप ढील ठेवू, कोणाला कळतंय? पण घडीची पट्टी तिघांच्याही डोळ्यांसमोर आली आणि तो विषय तिथेच संपला.

सोमवारी दणकटरावांनी आयुष्यात कधी लिहिला नव्हता असा अर्ज लिहिला. वीस वर्षं ज्यांनी ढील या शब्दाला शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्यांनी काट्याच्या खोबणीत फक्त एक बोट ढील मिळावी, अशी नम्र विनंती केली. अक्षर बायकोचं होतं. त्यांचा स्वतःचा हात त्या शब्दापाशी अडत होता.

उत्तर गुरुवारी आलं. अर्ज सहानुभूतीनं विचारात घेण्यात येईल. मात्र मापांच्या पडताळणीसाठी मंजूर नमुना सोबत सादर करावा. आणि खाली स्टोअरसाहेबांनी, उगाच हेलपाटा पडू नये म्हणून, स्वतःच्या हातानं एक ओळ जास्तीची लिहिली होती:

"नमुना सुटा असावा. फोर्कलिफ्टसह आलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही."