पेडणेकर काकांचं रेसिड्यू

लग्न होऊन मी मुलुंडला आले त्याच आठवड्यात शेजारचे एक गृहस्थ रिकामी वाटी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, रेसिड्यू आहे?"

मी दार लावून घेतलं.

तेव्हा मी बी.ए. विथ इंग्लिश होते. म्हणजे चेहरा तसा होता. आतमध्ये फारसं काही नव्हतं. रेसिड्यू म्हणजे अवशेष, इतकं ठाऊक होतं. पन्नाशीचा माणूस भर सकाळी माझ्याकडे कसले अवशेष मागतोय? मी स्वयंपाकघरात पळाले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, बाहेर एक वेडा आलाय."

"वाटी आहे का हातात?"

"आहे."

"मग पेडणेकर. बेरी दे त्यांना. साखर घालून दे, नाहीतर परत येतील."

सासूबाईंनी नुकतंच तूप कढवून खाली उतरवलं होतं. गाळून झाल्यावर कढईच्या तळाशी जी तांबूस, खरपूस बेरी उरते, तिच्यासाठी हे गृहस्थ आले होते. तेही बोलावलं नसताना, कढई उतरल्याबरोबर. भाताची खरवड निघाली की हजर. दुधाच्या पातेल्याची करपलेली साय खरवडायला घेतली की उलथनं घेऊन हजर. आमचा सगळा मजला म्हणायचा, पेडणेकरांचं नाक म्हणजे कुत्र्याचं नाक.

पेडणेकर काका भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. माल तापवायचा, आटवायचा, जाळायचा आणि शेवटी बशीत काय राहतं ते तोलायचं, हे त्यांचं काम. घरी आले तरी ते चालूच असे. चहा प्यायले की कपात डोकावून म्हणायचे, "रेसिड्यू जास्त आहे, पावडर बदला." खालच्या मजल्यावरच्या जोशीबुवांनी दोन तास कीर्तन केलं, तर काका बाहेर पडताना मला म्हणाले, "सगळं उडून गेलं हो. रेसिड्यू निल."

मला इंग्रजीची खुमखुमी होती. एकदा मी ऐकवलं, "काका, लेफ्टओव्हर म्हणा ना साधं."

ते दचकले. मी जणू त्यांच्या बशीत शिंकले होते. "लेफ्टओव्हर म्हणजे पोट भरलं म्हणून ताटात राहिलं ते. बॅलन्स म्हणजे कंडक्टर सुट्टे नाहीत म्हणून देत नाही ते. रिमेंडर भागाकारात येतो. आणि जे जाण्यासारखं होतं ते सगळं गेल्यावरही जे जात नाही, सूनबाई, ते रेसिड्यू."

सासूबाई आतून ओरडल्या, "तुपाची बेरी, भाताची खरवड, नारळाचा चोथा, तेलाचा गाळ! आम्ही एकेकाचं बारसं केलंय. तुमच्या साहेबाकडे सगळ्यांना मिळून एकच नाव?"

"वहिनी, म्हणूनच तर तुमच्याकडे येतो," म्हणत काकांनी वाटी पुढे केली.

माझं मत पक्कं होतं: खादाड आणि चक्रम. नवऱ्याला मी तसं रोज ऐकवत असे. तो "हूं" म्हणत असे.

मग एका दुपारी मी जिना चढत होते आणि गॅसचा भपकारा आला. काकांचं दार अर्धवट उघडं होतं. आत शेगडीवर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, बटण चालूच, आणि काका देवाजवळ उदबत्ती घेऊन उभे. दुसऱ्या हातात काडेपेटी.

मी अशी किंचाळले की खाली जोशीबुवांची पूजा थांबली म्हणे. "काका, काडी ओढू नका!"

त्यांनी अगदी सभ्यपणे वळून विचारलं, "का बरं?"

"गॅस! गॅस सुटलाय!"

"कुठे?"

डोळ्यांत पाणी यावं इतका उग्र वास, आणि हा माणूस मला विचारतोय, कुठे! मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, सासूबाईंना हाका मारल्या. त्या येईपर्यंत काका खुर्चीत बसले होते. काडेपेटी अजून हातातच होती.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "लॅबमध्ये अमोनियाची बाटली तोंडाशी फुटली. त्याला झाली काही वर्षं. ऑफिसात ठाऊक नाही, कृपा करून बोलू नका."

माझ्या डोक्यात भलताच प्रश्न. "मग आमचं तूप कसं कळतं?"

"भिंत पातळ आहे. लोणी तडतडतं, मग गप्प होतं. गप्प झालं की मी वाटी घेतो. पातेलं खरवडलेलंही ऐकू येतं. जिभेला आता नुसतं गोड आणि कडू कळतं, सूनबाई. बेरी निदान दाताखाली कुरकुरते."

इतके दिवस ज्याला मी खादाड म्हणत होते, त्याला जेवणाची चवच नव्हती. सासूबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "उद्यापासून ही रोज येऊन तुमचं घर हुंगून जाईल."

अशी मी नोकरीला लागले. मी हुंगायची आणि लोकलाजेखातर सासूबाई उंबऱ्यात ताट घेऊन तांदूळ निवडायच्या. काकांनी दुसऱ्याच दिवशी फायदा उठवला. "आलाच आहात, तर डोळे मिटा आणि हे सांगा." नाकाखाली एक डबी.

"चांगला आहे वास."

"चांगला हा वास नाही, ते मत आहे. वास सांगा."

हिंग, मेथी, ओलं फडकं, गंजका खिळा, शिळी कणीक. आधी वरचा वास सांगायचा, मग त्याच्या खालचा. समोरच्या वागळेबाईंनी विचारलंच, "तुमची सून तिथे डोळे मिटून काय करते हो?"

"हुंगते," सासूबाई म्हणाल्या. वागळेबाई आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

पुढे पुढे मला त्याची नशा चढलीच. नवऱ्याच्या शर्टावरून त्याने कुठल्या गाडीवर वडा खाल्ला ते सांगू लागले. संसाराला ते फारसं मानवलं नाही.

आणि एका रविवारी काकांनी डबीऐवजी काचेची बरणी आणली. झाकणावरून मेण ओतलेलं. आत घडी घातलेला उशीचा अभ्रा.

"सुमनचा," ते म्हणाले. काकू मी कधी पाहिल्या नव्हत्या. माझ्या लग्नाच्या खूप आधी त्या गेल्या होत्या. "गेली त्या दिवशी यात ठेवला. पुढे नाक गेलं. मी उघडली असती तर मला कळलं काहीच नसतं आणि आत जे काय असेल ते उडून गेलं असतं. दुसऱ्या कुणाला द्यावी, तर लोक म्हणणार, चांगला येतोय वास."

मग मला उमगलं. ही हिंगाची, मेथीची उठाठेव कशासाठी चालली होती ते. आत काहीच उरलं नसेल तर हे मी या माणसाला सांगायचं कसं?

"काका, मला नाही जमणार."

"जमेल. घाई करू नका. आणि माझ्यासाठी गोड काही रचू नका."

त्यांनी सुरीने मेण कापलं. मी डोळे मिटून नाक आत घातलं. आधी नुसतीच काच, मेण. मग हळूच काहीतरी वर आलं.

"खोबरेल. जुनं, जरा खवट."

"हं."

"सोनचाफा. वाळलेला."

"हं. हं."

त्याच्याही खाली आणखी एक होतं. माझ्या आजीच्या पदराला यायचं ते. मी ओळखलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. गेलेल्या बाईबद्दल असं बोलतात का?

"सूनबाई, सांगा."

"मिश्री, काका."

उंबऱ्यातला तांदळाचा आवाज थांबला.

"काय म्हणालात?"

"मिश्री. भाजलेल्या तंबाखूची. अगदी स्पष्ट येतेय."

काकांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता रडतील, नाहीतर मला घालवून देतील. पण ते बरणीवर वाकले आणि मी कधी न ऐकलेल्या मालवणीत कडाडले, "सोडलंय म्हणान सांगितलंस ना गो माका? देवासमोर शपथ घेतलंस! उशीखाली ठेय होतंस डबी?"

काका भांडत होते. इतक्या आनंदाने भांडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. एकीकडे खदखदून हसत होते, एकीकडे तिला झापत होते, मध्येच थांबून जणू तिचं उत्तर ऐकत होते. मग त्यांनी अभ्रा उचलला, त्यात तोंड खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. आणखी एकदा.

अभ्रा खाली आला तेव्हा हसू तसंच होतं, फक्त डोळे माझ्याकडे होते.

"अजून येतोय?"

मी पुन्हा नाक लावलं. "येतोय, काका."

"मग झाकण लावा, सूनबाई. लवकर लावा."