वीरधवलचं नाव कुणी घेतलं?

भुताची प्रेमकथा लिहायला असं काय लागतं हो? एक भूत लागतं, एक बाई लागते आणि एक नदीकाठ. नदी आपल्याकडं आहेच. मी फौजेत असताना बर्फातल्या घाटांमधून ट्रक हाकलेत, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशा रस्त्यांवरून! मला एका भुताला त्याच्या बायकोपर्यंत नेऊन सोडता येणार नाही? एकच तर भाग लिहायचा होता. शेवटचा. दुपारच्या चहाच्या आत उरकतो, असं मी स्वतःला बजावलं आणि माझ्या बायकोचा, शालूचा मोबाईल हातात घेतला.

अडचण एकच होती. मी भुताला भितो.

थोडाथोडका नाही, मंडळी! वाळत घातलेला सदरा वाऱ्यानं हलला तरी मी त्याला 'कोण हाय?' म्हणून विचारतो. शालूला हे माहीत होतं, आणि नेमकी तिलाच भुतांची आवड! ती मोबाईलवरच्या एका ॲपवर 'कोयनाकाठचा सोबती' नावाची गोष्ट लिहायची. तिचं माहेर पाटणचं, त्यामुळे तिची सगळी भुतंही पाटणकडचीच. नवा भाग झाला की ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "आवं, ऐकता का? वाचून दावती." मी लगेच मिक्सर लावायचो. रिकामा! ती दोन ओळी वाचायची, मग हसायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, मिक्सर जळंल."

दिवाळीनंतर शालू गेली. सकाळी भाकरी थापत होती, दुपारी नव्हती. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

पण तिचा मोबाईल वाजतच राहिला. 'शालूताई, पुढचा भाग कवा?' 'शालूताई, राजनंदिनीला नदीकाठी उभी करून कुठं गेलासा?' दिवसभर टुंग, टुंग. पहिल्यांदा मी तो ज्वारीच्या डब्यात ठेवला. मग बाहेर काढला. घरात तिचं नाव घेणारं दुसरं कुणी राहिलंच नव्हतं. मुलगा वीरेंद्र पुण्याला असतो. फोनवर 'आई' म्हणायची वेळ आली की आम्ही दोघंही पाण्याच्या टाकीविषयी बोलायला लागतो. इथं मात्र एवढी माणसं रोज तिला हाका मारत होती! त्यांना काय सांगू? सांगितलं, की मोबाईल गप्प होणार. मग मी तिच्या नावानं लिहिलं, 'तब्येत बरी नाही.' त्यावर एवढे निरोप आले, की मोबाईल चुलीवरच्या भगुल्यासारखा तापला. शेवटी लोक रुसायला लागले, एकेक जण सोडून जायला लागला. म्हणून हा लिहिण्याचा बेत.

आता लिहायचं तर मागचं वाचायला पाहिजे. मी पहिला भाग उघडला. पहिलीच ओळ होती, 'दाराची कडी आपोआप वाजली.' मी मोबाईल पालथा घातला, त्यावर परात ठेवली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. शेवटी फक्त शेवटचा भाग वाचला, तोही एक डोळा मिटून. त्यातून एवढं कळलं, की वीरधवल नावाचा फौजी मेलाय, त्याचं भूत झालंय, आणि त्याची बायको राजनंदिनी त्याची वाट बघत कोयनेच्या घाटावर उभी आहे. झालं की मग! फौजी म्हणजे आपलाच माणूस!

मी लिहिलं. राजनंदिनी घाटावरून धावत सुटली आणि ओरडली, "वीरधवल! वीरधवल! वीरधवल!" तेवढ्यात स्मशानातून, छाती काढून, बुलेटवर बसून वीरधवल आला. वाटेत वेताळ आडवा आला, त्याला त्यानं कानफटात मारली. राजनंदिनी मागं बसली, दोघं निघून गेली. समाप्त.

वाचून माझ्याच अंगावर काटा आला. पाठवून दिलं.

पहिला चहा संपायच्या आत मोबाईल थरथरायला लागला. मला वाटलं कौतुक. उघडून बघतो तर काय!

'तिनं नाव घेतलं!!!'

'शालूताई, मारलासा की वो त्याला!'

'आरारारा! तिनंच त्याला घालवला!'

मला काही समजेना. मग सांगलीच्या विश्रामबागेतल्या अख्तरबी नावाच्या बाईंनी सविस्तर लिहिलं. त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे आणि त्या पहिल्या भागापासूनच्या वाचक. 'ताई, तुमीच लिवलंय न्हवं, राजनंदिनीनं त्येचं नाव तोंडातनं काढलं की त्यो कायमचा जाणार म्हणून? म्हणून तर ती एवढ्या भागांत नुसतं आवं, आवं करतीया! हळदीकुंकवाला बायकांनी उखाण्यासाठी धरली, तवा बिचारी चक्कर आल्याचं सोंग करून वाणाच्या ताटात पडली! आन तुमी तिला घाटावर तीनदा नाव घ्यायला लावलंसा?'

आमच्याकडं जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला ठाऊक आहे, शालूनंही माझं कधी घेतलं नाही. पण माणूस एकदा मेल्यावर त्याचं आणखी काय कमी होणार? मी घाईघाईनं लिहिलं, 'ती दुसऱ्या वीरधवलला हाक मारत होती. तो शेजारचा.'

'मग बुलेटवर आला तो कोण?' साताऱ्याहून क्रांतीनं विचारलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिचा प्रश्न वाचला की मला बाकावर उभं राहावंसं वाटतं.

'तोच, शेजारचा,' मी लिहिलं.

'म्हणजे राजनंदिनी परक्या माणसाच्या मागं बसून गेली?'

खळबळ! कुणी लिहिलं, आमची राजनंदिनी तसली न्हाई! कुणी लिहिलं, एवढे भाग वाचून हेच बघायचं होतं का! मी लिहिलं, 'परका नाही, वीरधवलचा जुळा भाऊ.'

'वीरधवल एकुलता एक आहे. भाग तीन वाचा.'

भाग तीन! मी परातीकडं बघितलं. परातीनं माझ्याकडं बघितलं. मी नाही वाचला.

'आणि बुलेटचं काय घेऊन बसलाय?' क्रांतीनं पुढं लिहिलं. 'वीरधवल छाती काढून स्मशानातून येईलच कसा? तो स्वतः भूत असून भुतांना भितो! स्मशान ओलांडताना राजनंदिनीचा पदर धरतो. वेताळाला कानफटात? वेताळाला बघून तो पिंपामागं लपला होता. पात्राचा स्वभाव असा एका भागात बदलतो का?'

हे मला मुळीच पटलं नाही. भूत भुताला भितं? असा कुठं नायक असतो का? शालूनं असं खुळ्यासारखं कशाला लिहिलं असेल? मी रागानं टाइप केलं, 'फौजी कधी भीत नसतो!'

त्यावर एक ओळ आली. कोण्या राधानगरीच्या बाईची.

'ही शालूताई न्हाई. तिच्या जागी दुसरंच कोणतरी बसून लिवतंय.'

मंडळी, मला माहीत होतं की ते दुसरंच कोणतरी म्हणजे मी! तरी माझी मान आपोआप मागं वळली. मागं फक्त फ्रीज होता. त्याच क्षणी तो घर्रकन चालू झाला आणि मी खुर्चीसकट आडवा झालो!

तेवढ्यात अख्तरबींचं आलं, 'माझं काळीज न्हाई ऱ्हात. माधवनगरात घर हाय एवढं ठावं हाय. क्रांती, तू सांगलीला ये. आपुन जाऊन ताईला डोळ्यांनी बघू.'

मी मोबाईल बंद केला. दार लावलं, खिडक्या लावल्या. आपल्याला कोण शोधतंय? माधवनगर काय लहान आहे?

शोधलं. दुसऱ्याच दिवशी दोघींनी पिठाच्या गिरणीत चौकशी केली. आमचा गिरणीवाला गुंडा म्हणजे शब्द मोजून मापून टाकणारा माणूस, आणि गिरणी चालू असली की तेवढेही टाकत नाही. नंतर मला कळलं ते असं. अख्तरबींनी विचारलं, "शालूताई घरात हायत का?" गुंडा म्हणाला, "गेल्या की." क्रांतीनं विचारलं, "कुठं गेल्या?" गुंडानं पिठाचा हात आभाळाकडं केला आणि म्हणाला, "वर."

आमच्या घराच्या गच्चीला जिना बाहेरून आहे.

भर दुपारी, उन्हात, मी आत जमखान्यावर बसलो होतो आणि माझ्या डोक्यावर पावलं वाजली. बायकांची! मग बांगड्या वाजल्या, एक-दोन नाही, अख्खं दुकान चालत असावं अशा. आणि मग वरून हाक आली, "शालूताई! आवं शालूताई, हाय का हितं?"

माझं रक्त उसाच्या चिपाडासारखं सुकलं. गच्चीवर शालू फक्त पापड वाळवायला जायची. तिला तिथं कोण हाका मारतंय? आणि तिनं ओ दिली तर? मी देवघरापुढं गेलो, कांबळं डोक्यावरून घेतलं, भर दिवसा बॅटरी लावली आणि मारुतीचं नाव सुरू केलं. पावलं जिन्यावरून खाली आली. दाराशी थांबली. आणि कडी वाजली.

"कोण हाय?" माझा आवाज शेळीसारखा आला.

"आमी!"

"आमी कोण?"

"ताईला भेटाय आलोय. वर न्हाईत त्या!"

"वर न्हाई? मग... मग कुठं हाय?" मी किंचाळलो.

दार मी लावलं होतं, पण कडी घालायची राहिली होती. ते उघडलं. पुढं हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत भरलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या थोराड बाई. मागं चष्मेवाली तरुण पोरगी. दोघींनी मला बघितलं. कांबळं. बॅटरी. मारुती. अख्तरबींचा हात तोंडावर गेला.

"या अल्ला! क्रांती, बघ की गं! वीरधवल!"

"मी वीरधवल न्हाई!" मी ओरडलो. "मी नाथाजी! जिता हाय मी! हात लावून बघा... न्हाई, नगं, हात लावू नका!"

क्रांती खुदकन हसली. "काका, अहो हेच! भाग सात! कांबळं, बॅटरी आणि मारुती! आणि त्याला धीर द्यायला राजनंदिनी रिकामी भांडी वाजवत..." ती बोलता बोलता थांबली. तिची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडं गेली होती. भिंतीवर शालूचा फोटो होता. हार घातलेला.

बाहेर गिरणी चालू होती.

मला ते म्हणावं लागणार होतं. आजवर मी ते कुणालाच म्हटलं नव्हतं. लोक यायचे, त्यांना आधीच माहीत असायचं. "शालू..." मी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो, "शालू गेली."

अख्तरबी खाली बसल्या. जमखान्यावर नाही, फरशीवरच. त्यांनी डोळे पुसले, मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दाजी, लय वंगाळ लिवता वो तुमी."

"व्हय," मी म्हणालो.

"एवढं वंगाळ, आन तरी लिवत बसलासा?"

"सांगितलं असतं तर कुणी तिला हाक मारली नसती," मी म्हणालो. "तुमीबी आता सांगणार समद्यास्नी. मोबाईल गप व्हईल."

क्रांतीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मास्तरीण शेवटी! म्हणाली, "सांगावं तर लागेल, काका. खोटं जास्त भाग टिकत नाही, तुमचं तर एकच भाग टिकलं. पण गोष्ट थांबवायची कशाला? तिनं नाव घेतलं, वीरधवल सुटला, इथवर खरं धरू. सुटला म्हणजे जिवंत होऊन माणसांत आला. चालेल?"

"आन राजनंदिनी?" मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. अख्तरबी हळूच म्हणाल्या, "ती गेली असं धरू. आता ती भूत. ती येणार त्येच्याकडं."

मी कांबळं अंगाभोवती ओढून घेतलं.

"पण हे पटलं पाहिजे," क्रांती म्हणाली. "वीरधवलचा स्वभाव तोच राहिला पाहिजे. तुम्ही त्याला आमच्यापेक्षा जास्त ओळखता. सांगा, ती भूत होऊन दारात आली, तर तो काय करेल?"

खोटं लिहून आधीच तोंडघशी पडलो होतो, आता जे खरं तेच सांगायचं ठरवलं.

"भिईल," मी म्हणालो. "लय भिईल. बोबडी वळंल त्येची. पन दार उघडील."

अख्तरबींनी पदर डोळ्यांना लावला. क्रांती ते मोबाईलमध्ये लिहून घ्यायला लागली.

"फकस्त एवढं लिवा," मी घाईनं म्हणालो, "तिनं दिवसाउजेडी यावं. आन आल्याआल्या बाहेरनंच वरडून सांगावं, की आवं, मीच हाय, भिऊ नगा."