चाबी सोडा, काका

दिवाकरच्या घरी वाटी परत करणे हे बँकेतला लॉकर उघडण्याहून किचकट काम आहे. दाराशी खिळ्यावर चाबी असते. ती घ्यायची, कपाट उघडायचे, वाटी आधीच परत झाली नाही ना हे कपाटाच्या दारामागच्या पाटीवर पाहायचे, खडूने खूण करायची, कुलूप लावायचे, चाबी खिळ्यावर. खिळा रिकामा असेल तर अंगणात उभे राहायचे. मी हिशेबी माणूस आहे, पण कारध्यासारख्या गावात असा शेजारी मी मागितला नव्हता.

तो घरी बसून बंगलोरच्या कंपनीचे काम करतो. कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, प्रोग्राम मेमरीची जागा उसनी घेतात आणि काम झाले की परत करतात. एकच जागा दोनदा परत झाली की ते पकडणारा कोड हा लिहितो.

"दोनदा परत केली तर बिघडलं काय?" मी विचारले.

"मधात ते जागा दुसऱ्याले देल्ली असते ना, काका! तुमी त्याच्या हातातून हिसकून घेता."

"मग पकड. कुलूप कायले?"

"दोघं एकाच वेळी पाहतेत. दोघांलेही वाटते, परत झाली नाही. दोघंही करतेत. पाहणं अन् खूण करणं एकाच चाबीत झालं पायजे."

"अरे पण ही वाटी आहे!"

"मांगं तुमीच केलं होतं," तो म्हणाला. खरे होते. बायकोने त्याची वाटी सकाळीच परत दिली होती, आणि संध्याकाळी मी तशीच दिसणारी आमची वाटी नेऊन दिली होती.

एकदा चाबी हातात धरून मी धानाच्या भावावर बोलत होतो. "काका, चाबी धरून गप्पा नाही मारायच्या. काम झालं का सोडा!" त्याने ती माझ्या बोटांतून काढूनच घेतली. बायको म्हणते, त्याच्याकडून काही आणूच नका.

त्याच्या मायच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच कपाटात असतात. मागे त्याच्या बायकोने, सरिताने, गोळी दिली होती. दिवाकरने विचारले तर माय "नाही घेतली" म्हणाली, म्हणून त्याने पुन्हा दिली. माय चक्कर येऊन पडली, तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. पाटी आणि खिळा त्यानंतरचे.

परवा पातोड्यांचा रिकामा डबा घेऊन गेलो. खिळा रिकामा. चिडून अंगणात उभा राहिलो. खिडकीतून ऐकू येत होते.

"माय, पाटीवर खूण आहे. सरितानं देल्ली. मंग मले 'नाही घेतली' काहून म्हणून राहिली?"

"तू गोळी द्याले आला का जरासा बसते. नाही तं दिवसभर त्या कॉम्प्युटरच्या डब्ब्यापुढं."



"पडली त्या दिवशीही तुले मालूम होतं?"

"होतं ना."

"मेली असती ना तू!" त्याचा आवाज फाटला. मग हळू म्हणाला, "चाबी दे, माय."

मी वाकून पाहिले. कपाट उघडेच होते आणि म्हातारीने चाबी मुठीत घट्ट धरली होती. आता हा म्हणणार, काम झालं का सोड. मी वाटच पाहत होतो.

त्याने हात मागे घेतला आणि तिच्या बाजेवर टेकला. आतल्या खोलीत त्याचा फोन वाजत राहिला.

मी डबा घेऊन घरी आलो. "परत नाही केला?" बायकोने विचारले.

"चाबी मोकळी नव्हती," मी म्हणालो.