मंगळवारचा नकार

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हेर (जर्मनीत श्रीयुतांना म्हणतात तसे) ओहमे पाचवी नोकरी नाकारण्यासाठी रोजगार कार्यालयात अधिकारी फ्राउ, म्हणजे श्रीमती, हालरमान यांच्यासमोर बसले.

पहिला नकार अस्सल होता. हेर ओहमे कुलपांचे कारागीर. भाडे थकलेल्यांची दारे उघडून देण्याचे काम चालून आले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, "कुणाला बेघर करायला माझे हात चालणार नाहीत." फ्राउ हालरमान यांनी पेन खाली ठेवले, आपल्या थर्मासमधली कॉफी ओतली आणि तासभर ऐकून घेतले. नैतिक कारण मान्य झाले. बेकारभत्ता चालू राहिला. पत्नी वारल्यापासून हेर ओहमे यांच्याशी इतका वेळ कोणी बोललेच नव्हते. पुढे काम कोणतेही निघो, ते दर मंगळवारचे तत्त्व रविवारीच शोधून ठेवू लागले.

लिफ्टचा कारखाना? "शेजारी जिन्यात भेटायचे थांबतात." दारातून बाहेर पाहायची भिंगे? "माणसावर संशय घ्यायला शिकवतात." एकट्याच्या गाद्या? त्यावर तर ते पाऊण तास बोलले.

"वरून ताकीद आलीय," आज फ्राउ हालरमान म्हणाल्या. "आणखी एक नकार आणि भत्ता बंद. या भेटीही बंद."

"काम कसलं आहे?"

"या टेबलाच्या जागी यंत्र बसवायचं. लोक पडद्यावर बोट टेकवणार, यंत्र उत्तर देणार."

"आणि तुम्ही?"

"मी घरी."

रविवारी पाठ केलेले तत्त्व हेर ओहमे यांना आठवेना. "नाही बसवणार."

"कारण लिहावं लागतं हो मला."

"लिहा. मंगळवारी मी बोलू कुणाशी?"

"हे नैतिक कारण होत नाही, हेर ओहमे."

"नाही होत तर नाही होत!"

फ्राउ हालरमान यांनी पेन खाली ठेवले. "कुलूपदुरुस्तीची साधी, सरळ नोकरी मार्चपासून पडून होती. तुम्ही नक्की नाकाराल अशीच कामं मी हुडकून काढायचे. घरी माझ्याशी तरी कोण बोलतंय?"

यंत्र दुसऱ्याच कोणी बसवले. भत्ता बारा आठवडे थांबला. जानेवारीतल्या एका मंगळवारी फ्राउ हालरमान स्वतःची नोंदणी करायला आल्या, तर यंत्रासमोरच्या बाकावर हेर ओहमे बसलेले.

"तुमचा भत्ता तर बंद आहे! मग इथे कशाला?"

"मंगळवार आहे ना."

"सरका जरा," म्हणत त्यांनी थर्मास उघडला.

आणखी काही मदत हवी आहे का, असे यंत्र अधूनमधून विचारत होते. दुपारी बारापर्यंत त्याला मिळालेली उत्तरे: शून्य.