टेकडी म्हणायचं नाही

नोटीसरावांनी बसथांब्याला नोटीस पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यात सासू-सासऱ्यांचा काही संबंध येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. (स्वप्नंही हल्ली त्यांना नोटिशींचीच पडत.)

गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीत ते कायदा विभागात कारकून होते. नोटीसराव हे नाव कचेरीतल्यांनीच ठेवलेलं. कंपनीच्या गादीचं नाव 'टेकडी', आणि ते रीतसर नोंदवून घेतलेलं. आता शहराच्या एका टोकाला खरीखुरी टेकडी होती, तिच्यावर घरं होती आणि त्या भागाला सगळे पूर्वीपासून टेकडीच म्हणत. पण पूर्वीपासून म्हणजे नोंदणी नव्हे! नोटीसरावांनी टेकडी बेकरीला नोटीस धाडली, टेकडी लॉन्ड्रीला धाडली, टेकडी सलूनलाही सोडलं नाही. वकिलाच्या भानगडीत कोण पडणार, म्हणून माणसं मुकाट्याने पाट्या रंगवून घेत. शेवटी उरला बसथांबा. तोही शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून 'टाकी' झाला आणि साहेबांनी नोटीसरावांची पाठ थोपटली.

गंमत म्हणजे नोटीसराव स्वतः टेकडीवरच राहत. घरात तो शब्द काढायला बंदी होती.

"अहो, मग आपण राहतो कुठे?" बायकोने एकदा विचारलं.

"उंचावर," नोटीसराव म्हणाले.

लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. कारकुनाला मुलगी दिली, हे शल्य त्यांनी जपून ठेवलं होतं. आता कुठे ते सासूबाईंना घेऊन यायला राजी झाले होते. बायकोने घर घासूनपुसून लख्ख केलं, पडदे बदलले, आणि नवरा अंघोळीला गेलेला पाहून वडिलांना फोनवर सांगितलं, "टॅक्सीवाल्याला टेकडी म्हणा. कुणीही आणून सोडेल."

जेवणं निवत आली, तेव्हा नोटीसरावांचा फोन वाजला.

"जावईबापू, पोचलो बरं का!"

नोटीसरावांनी खिडकीतून वाकून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं. "कुठे पोचलात, बाबा?"

"कुठे म्हणजे? तुमच्याकडे! टॅक्सीवाला म्हणाला, आता टेकडी एकच राहिली, बाकीच्यांच्या पाट्या गेल्या. थेट दारात आणलं. मानलं हो तुम्हांला! एवढं मोठं गाद्यांचं दुकान काढलंत आणि आम्हांला पत्ता नाही?"

नोटीसरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंपनीचं दुकान! खरं सांगायची वेळ हीच होती. पण सासऱ्यांच्या तोंडून कौतुक असं पहिल्यांदाच येत होतं, आणि ते कानाला फार गोड लागत होतं.

"छे, छे, त्यात काय एवढं," नोटीसराव म्हणाले.

"काय म्हणाले बाबा?" बायकोने विचारलं.

"आवडलं म्हणाले."

"काय आवडलं?"

याचं उत्तर नोटीसरावांनी रिक्षात बसल्यावर दिलं. त्यानंतर बायको वाटभर रिक्षावाल्यालाच घाई करत राहिली.

दुकानाबाहेर गर्दी जमली होती. काचेमागे मांडलेल्या सर्वांत महागड्या गादीवर सासूबाई गाढ झोपल्या होत्या. आत सासरे सेल्समनना फैलावर घेत होते. "हा पलंग उजेडात घ्या! आणि धूळ कोण पुसणार, आमचे जावईबापू?"

कचेरीत येऊन-जाऊन असणारा एक सेल्समन नोटीसरावांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजला, "साहेब, हे म्हणतात दुकान यांच्या जावयाचं. मालकांना फोन लावू का?"

"नको नको, लावू नकोस," नोटीसराव काकुळतीला आले. मग बायकोनेच पुढे होऊन वडिलांना सगळं सांगून टाकलं. बाबा घर बघतील, म्हणून बिचारी पहाटेपासून राबली होती.

सासऱ्यांनी सासूबाईंना हलवून उठवलं, त्यांची चप्पल शोधून दिली आणि मग जावयाकडे वळले.

"म्हणजे लोकांनी टेकडीला टेकडी म्हणू नये, म्हणून तुम्ही नोटिशी पाठवता?"

"हो, बाबा."

"सगळ्यांना?"

"एकालाही सोडलं नाही," नोटीसराव म्हणाले. एवढ्या गडबडीतही त्यांची छाती जराशी फुगलीच.

"मग एक आम्हांला पाठवायची होती," सासरे म्हणाले. "आलोच नसतो."