साखरे डॉक्टर चहाड्या का करायचा

झरीचा साखरे डॉक्टर पेशंटच्या मागं उभा राहून त्याच्या घरच्यांच्या चहाड्या करायचा. माझ्या मंडळीच्या पाठीमागं उभा राहून हळूच म्हणायचा, "मावशी, तुमचा नवरा लय चिक्कू हाय." ती हसली की हा खूश. मगच सुई भरायचा.

मला वैताग यायचा. सुई द्यायची तर दे अन् जा, नाटकं कशाला?

तिच्या किडन्या कधीच्याच कामातून गेलेल्या. पाय सुजलेले. त्यात लघवीत पू झाला, ताप चढला, गोळ्यांनी हटेना. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात एसटी न्हाई, बैलगाडीनं परभणीला नेऊन रक्त तपासलं. कागद बघून साखरे डॉक्टर म्हणाला, "ही सुई जहाल हाय. दुसऱ्याला रोज देतो, मावशीला दिवसाआड."

पेडगावहून मेव्हणा आला. आमच्याकडं भेटायला आलेला माणूस आधी सुई विचारतो, मग तब्येत.

"दाजी, आज सुईच न्हाई? बहिणीला मारायलाय का हा?"

डॉक्टर तिथंच होता. "पाव्हणं, मोरी तुंबल्यावर वरून घागरी ओतता का? कालचं औषध अजून आतच हाय, किडनी बाहेर टाकीना. वरून अजून दिलं तर कान जातील. गेलेले कान परत येत न्हाईत."

"कान घेऊन काय करता? जीव वाचवा."

"दोन्ही वाचवायलोय."

तवा मला कळलं, चहाडी म्हंजे कानाची तपासणी. ओठ दिसू नयेत म्हणून मागून.

"पण चहाडीच कशाला?" मी विचारलं.

"मामा, दुसरं काही बोललं तर बाया ऐकू न येताच मान हलवतात. नवऱ्याची चहाडी ऐकली तरच खरं हसतात."

ताप उतरला. कान शाबूत राहिले. पुढं काही वर्सं ती जगली. दवाखाना बंद केला की डॉक्टर आमच्या ओट्यावर यायचा. बोलायचा तो, ऐकायची ती. मी आत पडून राहायचो.

शेवटी किडन्यांनीच तिला नेलं.

तेराव्याला डॉक्टर आला. जेवला न्हाई. पंगती उठल्यावर म्हणाला, "मामा, मी एकटा माणूस. पेशंट त्यांचं सांगतात. माझं तेवढं मावशीच ऐकायच्या."

मी सतरंजी पुढं सरकवली. "बसा," म्हणलं.

त्यानं त्याच्या आईचं काहीतरी सांगायला घेतलं. मला त्यातलं निम्मं कळलं न्हाई. पण मी उठलो न्हाई.