शेवटच्या तासाचं माप

इथं परदेशात, आमच्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकमध्ये सकाळी दाराबाहेरच्या रॅकवर एखादा बूट पालथा दिसला, की समजावं, पाठक काका येऊन गेले. फिरायला म्हणून निघतात आणि अख्ख्या मजल्याच्या बुटांची नाडी बघत जातात. बूट उचलायचा, उलटा करायचा, टाच कुठं झिजलीय ते अंगठ्यानं चाचपायचं आणि पुटपुटायचं. समोरच्या चिनी आँटी पहिल्यांदा ओरडल्याच, "अंकल, माय शू नॉट सिक, लाह!" काका शांतपणे म्हणाले, "शू ओके. युअर लेफ्ट नी नॉट ओके." आँटींचा डावा गुडघा खरंच ठणकत होता. आता त्या आपणहून बूट पालथे ठेवतात.

काका तुआसला जहाजांच्या यार्डात वेल्डिंग तपासतात. सव्वीस वर्षं, दिवसभर उभ्यानं. इतकं अंगवळणी पडलंय, की घरीसुद्धा ओट्याला टेकून उभ्याउभ्याच जेवतात. मी तरी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मला बालवाडीत शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेले. काकांचा हात पेढ्याकडे, नजर माझ्या पायांकडे.

"किती तास उभी राहणार?"

"सात-आठ."

"आणि या सपाट चपलांत? अगं स्मिता, पायांनी काय घोडं मारलंय तुझं?"

लगेच वर्तमानपत्र अंथरलं, मला त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पावलांची कड काढली. शेजारी फूटपट्टी ठेवली. माप घ्यायचं ते संध्याकाळी, कारण "सकाळी पाय खोटं बोलतो". घ्यायचं ते उभं राहून. आणि फूटपट्टी हवीच, नाहीतर ती नुसती रांगोळी. काकू आतून म्हणाल्या, "अहो, पोरीला चहा तरी पिऊ द्या!"

चहा राहिलाच. काका मला तडक मॉलमधल्या बुटांच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या बाईनं काकांना पाहिलं आणि तीच चहा प्यायला निघून गेली. तिला ठाऊक होतं, आता तास-दीड तास आपलं काही काम नाही.

"डोळे मीट," काका म्हणाले. "पहिल्या तासाला सगळेच बूट गोड बोलतात. तू शेवटचा तास आण डोळ्यांपुढे."

आणला. पहिल्या जोडात करंगळी कुरकुरली. दुसऱ्यात पोटऱ्या भरून आल्या. तिसरा घातला आणि काय झालं कोण जाणे, मॉलचा गलबला हळूहळू लांब गेला. मी गुहागरच्या ओल्या वाळूवर उभी होते. लाट टाचेखालची वाळू काढून नेत होती आणि पाय अलगद खाली जात होते. किती वेळ गेला कळलंच नाही. डोळे उघडले तर शेजारी काकाही डोळे मिटून उभे.

"काका, तुम्ही कुठं पोचलात?"

"मेलबर्नला," ते डोळे न उघडताच म्हणाले. "किचनमध्ये. तिचा शेवटचा तास असेल आत्ता."

ती म्हणजे मंजिरी, त्यांची एकुलती एक लेक. बसून करायची छान बँकेतली नोकरी सोडून ती शेफ झाली आणि काकांचं डोकं फिरलं. "मी जन्मभर उभा राहिलो तो तू बसावीस म्हणून!" असं म्हणाले ते तिला. ती मेलबर्नला निघून गेली. दोन वर्षं बाप-लेकीत अक्षराचं बोलणं नाही. काकूंना फोन येतो, तेव्हा काका भिंतीला टेकून ऐकत उभे असतात. अख्ख्या टॅम्पिनीसला बूट घेऊन देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पोरीला "पायात काय घालतेस?" एवढं विचारायची सोय उरली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मग गौरी आल्या. मी मदतीला गेले, तर लिफ्टपासून देवघरापर्यंत काकांनी स्वतः रांगोळीची पावलं काढलेली. चांगली मोठी, पुढून ऐसपैस, करंगळी जरा आत वळलेली.

"अहो, ही गौर आहे की यार्डातला फोरमन?" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"तीन दिवस उभं राहायचंय तिला. बोटांना जागा नको?"

मी खो खो हसले. मग त्यांच्या हातातला कागदाचा साचा दिसला. पिवळं पडलेलं वर्तमानपत्र, पावलाच्या आकारात कापलेलं. टाचेपाशी पेन्सिलीनं लिहिलं होतं, मंजू.

मी भोचक आहेच. काकूंचा फोन घेतला, पावलांचा आणि साच्याचा फोटो काढला आणि कुणालाही न विचारता मंजिरीला पाठवून दिला.

आरती संपली आणि फोन वाजला. उत्तरात एक फोटो होता. तपकिरी कागद, त्यावर दोन पावलांची कड, शेजारी फूटपट्टी. खाली लिहिलं होतं, "बाबा, ते माप जुनं झालं. हे आत्ताचं. उभं राहूनच काढलंय."

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, फोटो बोटांनी मोठा केला.

"अर्धा नंबर वाढलाय," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच फोन लावला. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"मंजू, पायात काय घालतेस गं तू?"

पलीकडून ती बोलायला लागली. आणि ऐकता ऐकता पाठक काका उंबऱ्यापाशी, त्या पावलांच्या शेजारी, खाली बसले.